अर्ध्या मिनिटाची इंग्रजी विद्या

इंग्रजी शिकविणारा मास्तर आता प्रत्येकाच्या खिशात येऊन बसला आहे. सकाळी दुकानाच्या गल्ल्यावर, दुपारी बसच्या थांब्यावर, रात्री अंथरुणात, जेथे पाहावे तेथे कोणी ना कोणी मोबाईलवरील छोटी चित्रफीत पाहत असतो. सर्वजण तिला रील म्हणतात. आम्हीही तोच शब्द वापरतो. ह्या रीलमध्ये कोणी हसतमुख तरुण येतो, अर्ध्या मिनिटात इंग्रजीचे तीन शब्द सांगतो आणि अंतर्धान पावतो. त्याच्या मागोमाग दुसरा, दुसऱ्यामागे तिसरा. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या घराघरांतून ही शाळा दिवसरात्र भरलेली आहे. तिला घंटा नाही, हजेरीपट नाही आणि परीक्षाही नाही.

ह्या शाळेविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, हा सारा वेळेचा अपव्यय. तरुण म्हणतात, आता शिकवणीची गरजच उरली नाही. आमच्या मते ही दोन्ही मते अपुरी आहेत. रील पाहून शब्दांची ओळख होते, हे निर्विवाद आहे. परंतु ओळख होणे वेगळे आणि शब्द आपलासा होणे वेगळे, हेही तितकेच निर्विवाद आहे. ह्या दोहोंमधील अंतर ज्याला उमगले त्याला रील उपयोगी पडेल. ज्याला उमगले नाही, त्याचा वेळही जाईल आणि इंग्रजीही पदरात पडणार नाही.

प्रथम एका गैरसमजाचा निरास केला पाहिजे. इंग्रजी शिकण्याची ओढ म्हणजे मायबोलीचा द्रोह, असे मानणारे काही सज्जन आहेत. त्यांनी आपल्याच इतिहासाकडे पाहावे. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण' सुरू केले, तेव्हा त्यात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत छापला जात असे. पुढे तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेने कित्येक पिढ्यांना हाताला धरून इंग्रजीच्या दारापर्यंत नेले. तिची रीत साधी होती: इंग्रजी वाक्याचे मराठी करा आणि मराठी वाक्याचे इंग्रजी करा. मराठीच्या ओट्यावर पाय रोवून इंग्रजीचा उंबरठा ओलांडावा, ही आपली जुनी आणि कसोटीला उतरलेली परंपरा आहे. तिच्यात लाजण्यासारखे काही नाही.

शिवाय ह्या ओढीमागे हौस थोडी आणि गरज फार आहे. औषधाच्या दुकानात कामाला लागलेल्या मुलाला गोळ्यांच्या पाकिटावरील मजकूर वाचता आला पाहिजे. गोव्याच्या हॉटेलात किंवा बेंगळुरूच्या कचेरीत नोकरी शोधणाऱ्या तरुणाला मुलाखतीत चार वाक्ये बोलता आली पाहिजेत. ज्या माउलीने पोटाला चिमटा काढून मुलाला इंग्रजी शाळेत घातले, तिला त्याच्या डायरीत बाईंनी काय लिहून पाठविले आहे हे कळले पाहिजे. आज ते विचारण्यासाठी तिला शेजारच्या दारी जावे लागते. अशा माणसांना खासगी वर्गाची फी परवडत नाही आणि परवडली तरी कामाच्या वेळा आड येतात. त्यांनी मोबाईलकडे धाव घेतली तर त्यांना हसण्याचा अधिकार कोणालाही नाही.

ही धाव सुरू होऊनही फार वर्षे झालेली नाहीत. २०१६ नंतर आपल्या देशात मोबाईलवरील डेटा स्वस्त झाला आणि चित्रफिती पाहणे सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. त्यानंतर जुलैत इन्स्टाग्रामने रील्स आणि सप्टेंबरात यूट्यूबने शॉर्ट्स भारतात आणले. आरंभी त्यांची मर्यादा अवघी १५ सेकंदांची होती. पुढे ती वाढत गेली आणि ऑक्टोबर २०२४ पासून यूट्यूबने ती तीन मिनिटांपर्यंत नेली. तथापि, मर्यादा वाढली तरी पाहणाऱ्याचा धीर वाढला असे नव्हे. पहिल्या दोन-तीन सेकंदांत मन वेधले गेले नाही तर अंगठा पुढे सरकतो, हे रील करणाऱ्यालाही ठाऊक असते आणि तो त्याच बेताने शिकवितो.

रीलचे गुण प्रथम सांगावेत, हे न्यायाचे होईल. जुन्या पाठमालेतून शिकलेल्या माणसाला शब्दाचा अर्थ येई, परंतु उच्चार येत नसे. 'वेन्सडे' ह्या शब्दातील पहिला 'डी' मुका असतो, 'आयलंड'मधील 'एस' मुका असतो, कर्ज ह्या अर्थाच्या 'डेट' शब्दात लिहिलेला 'बी' कोणी उच्चारीत नाही, ह्या गोष्टी पुस्तक वाचून कळत नाहीत. 'फोटोग्राफ'मध्ये आघात पहिल्या अवयवावर आणि 'फोटोग्राफर'मध्ये दुसऱ्यावर, हे कानाने ऐकल्यावाचून ध्यानात राहत नाही. रील हे काम अर्ध्या मिनिटात करते. बोलणाऱ्याचे ओठ दिसतात, वस्तू डोळ्यांपुढे येते आणि तेच दहा वेळा ऐकता येते. मास्तर कंटाळत नाहीत आणि मागच्या बाकावरून कोणी हसत नाही. चाळिशीतल्या दुकानदाराला आणि चूल सांभाळणाऱ्या गृहिणीला हा आडोसा किती मोलाचा वाटतो, हे इंग्रजी वर्गात बसून वाढलेल्या मंडळींना सहसा कळत नाही.

दुरून आवाजाने भाषा शिकविण्याचा हा प्रयोग अगदीच नवा आहे, असेही नाही. बीबीसीने रेडिओवरून इंग्रजीचे पाठ देण्यास १९४३ मध्येच आरंभ केला. त्याच संस्थेची 'इंग्लिश इन अ मिनिट' ही चित्रफितींची मालिका आहे. तिच्यात एका मिनिटात एकच शब्द किंवा शब्दप्रयोग घेतात आणि तो उदाहरणांच्या वाक्यांत बसवून दाखवितात. थोडक्यात सांगणे हा दोष नाही. दोष असेल तर तो एका मिनिटात दहा गोष्टी कोंबण्याचा आहे आणि त्याहूनही अधिक, शिकणाऱ्याच्या गैरसमजाचा आहे.

तो गैरसमज कोणता? रील पाहताना शब्द, त्याचा अर्थ आणि चित्र ही तिन्ही एकदम समोर असतात. मन म्हणते, 'हे तर मला येते!' वस्तुतः त्या क्षणी मनाने काहीच केलेले नसते. सारे समोर मांडलेले असते. उद्या गिऱ्हाईक समोर उभे राहते आणि तोच शब्द हवा असतो, तेव्हा तो जिभेवर येत नाही. रस्त्यात भेटलेल्या माणसाचा चेहरा ओळखणे आणि त्याचे नाव आठवणे ह्यांत जे अंतर आहे, तेच येथे आहे.

हे केवळ आमचे मत नव्हे. हेर्मान एबिंगहाउस ह्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरगट पाठ करून स्वतःच्याच स्मरणशक्तीची मोजदाद केली आणि १८८५ मध्ये ती प्रसिद्ध केली. पाठ केलेले आरंभी झपाट्याने आणि मागाहून सावकाश विसरले जाते, आणि एका बैठकीत घोकण्यापेक्षा काही दिवसांच्या अंतराने केलेली उजळणी अधिक टिकते, असे त्याला आढळले. २००८ मध्ये कार्पिक आणि रोडिगर ह्या अमेरिकन संशोधकांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेतील ४० शब्द त्यांच्या इंग्रजी अर्थांसह शिकविले. शब्द एकदा बरोबर सांगता आला की काही विद्यार्थ्यांना तो पुन्हापुन्हा विचारण्यात आला. इतर काहींना तो पुन्हापुन्हा केवळ दाखविण्यात आला, विचारण्यात आला नाही. आठवड्यानंतर पहिल्यांना सुमारे ८० टक्के शब्द आठवले, दुसऱ्यांना सुमारे ३५ टक्के. त्याहून बोधप्रद गोष्ट अशी की, आपल्याला किती आठवेल ह्याचा अंदाज सर्वांनी आधी जवळजवळ सारखाच केला होता. म्हणजे, ज्यांना थोडे येत होते त्यांना आपल्याला थोडे येते हे कळलेच नव्हते.

आता आपल्या रीलचा हिशेब करून पाहावा. रोज अर्धा तास रील पाहिल्या तर अर्ध्या मिनिटाच्या ६० रील होतात. प्रत्येकीत तीन शब्द धरले तर १८० शब्द डोळ्यांखालून जातात. त्यांपैकी दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाईल न उघडता किती लिहून दाखविता येतील? ज्याला ह्या विषयी शंका असेल त्याने एकदा हा प्रयोग स्वतःवर करून पाहावा. वर्षभर पाहूनही 'इंग्रजी काही येत नाही' अशी खंत करणारे तरुण स्वतःच्या बुद्धीला दोष देतात. दोष बुद्धीचा नसतो. त्यांना कोणी विचारलेलेच नसते. केवळ दाखविलेले असते.

दुसरा प्रश्न, कोणते शब्द शिकावेत हा. मायकेल वेस्ट ह्या इंग्रज शिक्षणतज्ज्ञाने ढाक्यात अध्यापन करताना बंगाली मुलांची अडचण जवळून पाहिली होती. त्याने १९५३ मध्ये इंग्रजीतील नित्य उपयोगाच्या सुमारे २,००० शब्दांची यादी प्रसिद्ध केली आणि एकेका शब्दाचा कोणता अर्थ किती प्रमाणात वापरात येतो, हेही दाखविले. आज त्या यादीत काही भर घालावी लागेल, काही शब्द वगळावे लागतील. परंतु तिच्यातील विचार जुना झालेला नाही. नवशिक्याने आधी घेणे, देणे, ठेवणे, विचारणे, उशीर, लवकर, स्वस्त, महाग असे रोजच्या वापराचे शब्द शिकावेत. इतर शब्दांची पाळी मागाहून येते.

रीलच्या बाजारात नेमके उलटे चालते. "'व्हेरी टायर्ड' म्हणू नका, 'एग्झॉस्टेड' म्हणा, 'व्हेरी हंग्री' म्हणू नका, 'स्टार्व्हिंग' म्हणा," असा उपदेश करणाऱ्या रीलचा सुळसुळाट आहे. ज्याला 'मी दमलो आहे' एवढेच साधे वाक्य अजून धड जुळविता येत नाही, त्याला 'दमलो' म्हणू नकोस असे सांगणे म्हणजे अंगात सदरा नसलेल्याला फेट्याचा तुरा देण्यासारखे आहे. त्याहून वाईट म्हणजे त्या उपदेशामागील सूर. 'असे बोललात तर लोक हसतील,' ही भीती दाखवून पाहणाऱ्याला धरून ठेवले जाते. आमचे सांगणे आहे की, मोडकेतोडके इंग्रजी बोलणाऱ्याला हसणाऱ्याने आधी एवढे ध्यानात घ्यावे: तो मनुष्य निदान एक भाषा अधिक बोलतो आहे.

असे का घडते, हे समजून घेणे कठीण नाही. शिकणाऱ्याचे हित कशात आहे? दोन रील पाहून मोबाईल बाजूला ठेवण्यात आणि त्या शब्दांचा सराव करण्यात. मोबाईलवरील कंपनीचे हित कशात आहे? तुम्ही मोबाईल बाजूला न ठेवण्यात. तुमच्यापुढे पुढची रील कोणती यावी हे कोणी अभ्यासक्रम पाहून ठरवीत नाही. तुम्ही कशावर किती वेळ थांबला, ह्यावरून यंत्र ते ठरविते. म्हणून आज स्वयंपाकघरातील शब्द, उद्या विमानतळावरील, परवा मुलाखतीतील, आणि मध्येच क्रिकेट व नाच. शाळेच्या मास्तरांचा कितीही राग येवो, पण पहिला धडा झाल्यावर दुसरा, आणि दुसरा विचारल्यावाचून तिसरा नाही, एवढा विवेक त्यांच्यापाशी असे.

सीमाभागातील मराठी मुलांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे आणि तिची चर्चा कोठे होताना दिसत नाही. आमच्या मुलांपुढे येणाऱ्या पुष्कळशा रीलमध्ये इंग्रजी शब्दांचे अर्थ हिंदीतून सांगितलेले असतात. हिंदी आपल्याला कळते असे आपण समजतो, आणि तेथेच पाय घसरतो. हिंदीत 'एज्युकेशन' म्हणजे 'शिक्षा'. मराठी मुलाच्या मनात शिक्षा म्हणजे छडी. हिंदीत 'एम्प्टी' म्हणजे 'खाली'. मराठी मूल समजते, खालच्या बाजूला. हिंदीत 'प्रॅक्टिस' म्हणजे 'अभ्यास'. मराठी मूल समजते, पुस्तक घेऊन बसणे. लिपी तीच, शब्द तोच, अर्थ मात्र निराळा. घरात मराठी, शाळेत व कचेरीत कन्नड, पडद्यावर हिंदी आणि पुढे इंग्रजी, असा चार भाषांचा भार वाहणाऱ्या आमच्या मुलांनी एक परकी भाषा दुसऱ्या भाषेच्या खांद्यावरून का शिकावी? भाषा कितीही शिकाव्यात, त्यात लाभच आहे. परंतु अर्थ मात्र ज्या भाषेत आपण विचार करतो तिच्यातूनच मनात उतरला पाहिजे. मराठीचा आग्रह येथे अभिमानापोटी नाही, अचूकपणापोटी आहे.

मग करावे काय? रील सोडा, असे आम्ही म्हणणार नाही. तिला शिस्त लावा, असे म्हणू. दिवसाला एक किंवा दोन रील, त्याही ठरवून निवडलेल्या एकाच शिक्षकाच्या. समोर येईल ती पाहू नये. चांगली आढळलेली जतन करून ठेवावी आणि तीच उघडावी. एकदा ऐकावी, दुसऱ्यांदा बोलणाऱ्याबरोबर मोठ्याने म्हणावी आणि मग मोबाईल पालथा ठेवावा. खरा अभ्यास येथून पुढे सुरू होतो. एक वही करावी, पानाची मधोमध उभी घडी घालावी, डावीकडे मराठी आणि उजवीकडे इंग्रजी लिहावे. 'दर्पण'चे दोन स्तंभच म्हणा ना. दुसऱ्या दिवशी उजवी बाजू झाकून डावीवरून इंग्रजी सांगावे. तेच पुन्हा तीन दिवसांनी, पुन्हा आठवड्याने. जो शब्द आठवला नाही त्यावर खूण करावी. आठवताना होणारा त्रास हाच शिकण्याचा मोबदला आहे. तो टाळून शिकण्याची युक्ती अद्याप कोणाला सापडलेली नाही.

शब्द एकटा शिकू नये, वाक्यात शिकावा. 'बॉरो' म्हणजे उसने, एवढे कळून भागत नाही. कारण मराठीत घेणाऱ्याचेही उसनेच आणि देणाऱ्याचेही उसनेच. मी शेजाऱ्याची सायकल घेतली तर 'बॉरो', शेजाऱ्याने मला दिली तर 'लेंड', ही दोन वाक्ये लिहिली की घोटाळा मिटतो. 'फाइन' म्हणजे ठीक असे शिकलेल्याला पोलिसाच्या पावतीवर तोच शब्द दिसला की धक्का बसतो, कारण तेथे त्याचा अर्थ दंड असा असतो. मग ते शब्द घराबाहेर शोधावेत. औषधाच्या पाकिटावर, बँकेच्या अर्जावर, दुकानाच्या पाटीवर, रेल्वे स्थानकावरील सूचनेत इंग्रजी पसरलेले आहे. पाहिलेला शब्द बाजारात पुन्हा भेटला की तो आपला होतो.

हिशेब पुन्हा मांडू. रोज पाच शब्द, आठवड्यातून सहा दिवस, सातवा दिवस निव्वळ उजळणीचा. वर्षाचे ५० आठवडे धरले तर १,५०० शब्द होतात. त्यांतील तिसरा हिस्सा गळाला तरी एक हजार उरतात. वेस्टच्या यादीचा निम्मा पल्ला एका वर्षात आणि तोही दिवसाच्या वीस मिनिटांत. १८० शब्द पाहून विसरणाऱ्यापेक्षा पाच शब्द धरून ठेवणारा पुढे जातो, हे सांगायला गणिताच्या मास्तरांची गरज नाही.

हे काम एकट्यादुकट्यावर सोडून भागणार नाही. आपल्या गावोगावी वाचनालये आहेत, महिला मंडळे आहेत, गणेशोत्सव मंडळे आहेत. त्यांपैकी प्रत्येकाने आठवड्यातून एक सायंकाळ, अवघा एक तास, ह्या कामाला द्यावा. पाच निवडक रील सर्वांनी मिळून पाहाव्यात, जाणत्या माणसाने अर्थ मराठीतून सांगावा आणि मागच्या आठवड्याचे शब्द एकमेकांना विचारावेत. ह्याला इमारत लागत नाही, वर्गणी लागत नाही. आपल्या मराठी शिक्षकांनाही आमची विनंती आहे. तुम्ही वर्गात जे तीस वर्षे शिकविले ते मिनिटभराच्या रीलमध्ये, मराठी अर्थासह, क्रमवार मांडा. मोबाईल तुमच्याही हाती आहे. ज्या मैदानात तुम्ही उतरत नाही तेथे तुमच्या विद्यार्थ्याला कोणीही उपटसुंभ शिकवून जातो, मग तक्रार कोणाकडे करणार?

इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हणण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. दूध कोणतेही असो, ते नुसते पाहून अंगी लागत नाही. म्हणून आमचे आमच्या तरुणांना, दुकानदारांना आणि विशेषतः माता-भगिनींना एवढेच सांगणे आहे: रील जरूर पाहा, परंतु ती संपताच मोबाईल पालथा ठेवून वही उघडा. आज रात्री पाच शब्द लिहा आणि उद्या सकाळी ते न पाहता म्हणून दाखवा. पुढच्या वेळी मुलाच्या डायरीत सूचना येईल, तेव्हा ती घेऊन शेजारच्या दारी जावे लागू नये, ह्यासाठी एवढे कष्ट पुष्कळ नव्हेत.